समोर फोटो आहे

"मी बांधावर उभा होतो, आणि तेवढ्यात दादू कुऱ्हाड घेऊन..." साक्षीदार एवढं म्हणाला आणि सारिका खोतचा लॅपटॉप मेल्यागत गप्प झाला.

"अगं बाई! मग दादूनं मारली का नाही कुऱ्हाड?" सारिका पडद्यावर ओरडली. पडदा ढिम्म. वाक्य अर्ध्यावर, बाण जागच्या जागी, कळा दाबून बोटं दुखली तरी अक्षर उमटेना. अर्ध्या मिनिटानं यंत्राला जाग आली, तेव्हा साक्षीदार तिसऱ्याच कुणाच्या तरी विहिरीबद्दल बोलत होता. नुसता थांबत नव्हता मेला, मधली वाक्यंसुद्धा खात होता.

कोर्टातल्या रेकॉर्ड केलेल्या साक्षी घरी बसून ऐकायच्या आणि टाइप करायच्या, हे तिचं सकाळी दहा ते बाराचं काम. आता हे काम यंत्रं करत नव्हती असं नाही. पण गडहिंग्लजच्या पंचक्रोशीतला माणूस तोंड भरून बोलायला लागला की यंत्राची त्रेधा उडायची. 'रानात गेलतो' म्हटलं की ते बिचारं 'जंगलात गेलो होतो' लिहून मोकळं व्हायचं, आणि खटल्यात शेताच्या जागी जंगल उगवायचं. म्हणून सारिकासारखी माणसं लागायची.

पण तिचा खरा जीव होता दारातल्या पिवळ्या व्हॅनमध्ये. वरच्या तीन वाड्यांतली सोळा पोरं सकाळी शाळेत सोडायची आणि दुपारी घरी आणायची. पुण्यात गल्लोगल्ली आपोआप चालणाऱ्या गाड्या झाल्या होत्या. इकडंही एकदा आणून बघितली एकानं, पण उसाची ट्रॉली, म्हशी आणि लग्नाची वरात एकाच वळणावर आल्यावर गाडीनं रस्त्यातच बसकण मारली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सारिका नऊ वर्षं तोच रस्ता मारत होती, आणि नऊ वर्षांत साधा आरसा कुठं घासला नव्हता. ती यायच्या आधी वाडीवरच्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. आता "मावशीची गाडी हाय न्हवं, मग जाऊ दे" म्हणत त्यांचे बाप त्यांना दहावीपर्यंत पाठवत होते. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

लॅपटॉप हळू तर वर्षभर चालत होता. घरात माणसं तीन आणि वैद्यही तीनच. नवरा युवराज बियाणांच्या दुकानात कामाला. त्याचं म्हणणं, यंत्र तापतंय. त्यानं खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या. अकरावीतली ईश्वरी म्हणाली, जागा भरलीय, आणि तिनं आईनं जपून ठेवलेली मामाच्या लग्नाची सगळी चित्रफीत पुसून टाकली. सारिकानं बदला म्हणून तिची गाणी पुसली. मग युवराजनं कळांच्या फटीतून टाचणीनं पिवळी भुकटी उकरून काढली आणि म्हणाला, "खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहायचं असतं सारिके, पेरायचं नसतं!"

"तुमची ती बियाणांची सवय, माझी नव्हे," ती म्हणाली. लॅपटॉप मात्र होता तसाच राहिला.

शेवटी ती स्टँडमागच्या मुल्लाभाईंकडं गेली. साठीचा माणूस, बटणांच्या फोनपासून आजवर जे जे बंद पडलं ते ते उघडून बसलेला. त्यांनी झाकण काढलं, धूळ उडवली, आतला एक भाग बदलला.

"वैनी, दुखणी दोन आहेत," ते म्हणाले. "हळू चालणं एक आणि गोठणं दुसरं. लोक दोन्ही एकच समजतात. हळू चालण्याचं औषध दिलंय. गोठला तर परत आणा."

लॅपटॉप हरणासारखा पळायला लागला. आणि तिसऱ्या दिवशी, उलटतपासणीच्या ऐन मध्यात, परत गोठला.

या खेपेला मुल्लाभाईंनी झाकण उघडलंच नाही. यंत्राची आतली नोंदवही पडद्यावर काढून ते बराच वेळ वाचत बसले. सारिकानं वाकून बघितलं. एकाखाली एक, तीच ओळ लिहिली होती: समोर व्यक्ती नाही. समोर फोटो आहे.

"म्हणजे काय हो?"

"सांगतो, बसा," असं म्हणून मुल्लाभाईंनी स्टूल पुढं ओढलं.

विजेची टंचाई वाढली तशी नवीन लॅपटॉपांत नजर ओळखणारी चिप आली होती. पडद्याच्या वरच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढं भिंग असतं. ते समोरच्याचे डोळे बघत राहतं. माणसानं नजर फिरवली की यंत्र डुलकी काढतं, नजर आली की जागं होतं. त्यामुळं एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. पण चोर कुणाच्या बापाला ऐकतात? त्यांनी मालकाचा फोटो भिंगासमोर धरून लॅपटॉप उघडायला सुरुवात केली. मग कंपन्यांनी वरताण केली. जिवंत माणसाचा डोळा क्षणभरही स्वस्थ नसतो. बाहुली लहानमोठी होते, पापणी लवते, बाण हलला की बुबुळ मागोमाग जातं. फोटोतला डोळा उघडा असतो, पण त्याला कशाचंच काही नसतं. चार सेकंद डोळे उघडे आणि प्रतिसाद शून्य, असं झालं की यंत्र ठरवतं, हा फोटो. आणि कुलूप लावून बसतं. मग समोर खरंच कुणी आहे का याची खात्री करायला त्याला अर्धं मिनिट लागतं. आपल्याला वाटतं, हँग झाला.

"महिन्यात एकतीस वेळा," मुल्लाभाई म्हणाले. "घरात कुणी यासमोर फोटो धरून बसतं का?"

"कोण धरणार? वेड लागलंय का कुणाला?"

मुल्लाभाईंनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला.

"गेल्या वर्षी एका गुरुजींचा लॅपटॉप असाच आला होता. मी दोनदा बोर्ड बदलला. बिघाड यंत्रात नव्हताच वैनी. गुरुजींना मेंदूचे बारके झटके येत होते. फिट म्हटलं की आपल्याला वाटतं, माणूस पडतो, हातपाय झाडतो. ही तसली नव्हे. माणूस बसलेला असतो, डोळे उघडे असतात, पण आत कुणी नसतं. पाच सेकंद, दहा सेकंद. परत आला की त्याच्या लेखी काही झालेलंच नसतं. मधला वेळ त्याच्याकडं नसतोच." सारिकाचा चेहरा बघून ते घाईनं म्हणाले, "गोळ्या आहेत त्यावर. गुरुजी ठणठणीत आहेत आता. पण आधी कळायला पाहिजे ना."

"मग हे कुणाचं आहे?"

"तीच तर पंचाईत! खातं एक आणि चेहरे तीन."

सारिकाला तो दिवस आठवला. लॅपटॉप घेताना दुकानदार तिघांची वेगवेगळी खाती काढत होता, आणि युवराज म्हणाला होता, "घरचीच माणसं की हो! एका यंत्रात तीन चुली कशाला मांडताय?" तिघंही हसली होती. एकाच नावाखाली तिघांच्या डोळ्यांची नोंद झाली होती.

"कुठल्या वेळी झालं ते या वहीत नाही, कंपनीकडून मागवता येईल. चार दिवस लागतील," मुल्लाभाई म्हणाले. "नाहीतर ही फोटोची तपासणीच बंद करतो. सेटिंगमधली एक बरोबरची खूण काढायची, बास! लोण्यासारखा चालेल."

"नको. वेळा मागवा," सारिका म्हणाली.

ते चार दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. घरात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. नुसती बघत राहिली. युवराज जेवताना घास हातात घेऊन भिंतीकडं बघत बसला की ही ताट सोडून उठायची. "अहो!" म्हणून ओरडायची.

"अगं, युरियाच्या पोत्यांचा विचार करत होतो! आणि माझ्याकडं टक लावून काय बघतीस? लग्नाला अठरा वर्षं झाली की!"

तो रोज मोटारसायकलवरून हमरस्त्यानं दुकानात जायचा. पहिल्याच दिवशी तिनं त्याची किल्ली तांदळाच्या डब्यात, तळाशी खुपसून ठेवली. युवराजनं घर उलथंपालथं केलं, शिव्या घातल्या आणि चालत गेला. हिनं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

पण युवराजपेक्षा तिला पोरीची भीती जास्त. ईश्वरी पुस्तकात डोळे घालून बसली की ही दारात उभी राहून तिची पापणी किती वेळा लवते ते मोजायची. पोरगी दचकून म्हणायची, "आई, भुतासारखी काय उभी राहतेस गं?" सारिका आत जायची. चुलीपुढं नव्हे, शेगडीपुढं उभं राहून मनात म्हणायची, काळभैरवा, पोरीला नको रे. वाटलं तर माझ्या वाट्याला घाल. आई म्हणतेच असं. त्यात मोठंसं काही नाही, आणि म्हणताना कुणाला ते खरं वाटतही नाही. स्वतःचा संशय तिला कणभरही आला नव्हता. नऊ वर्षांत आरसा घासला नाही, तिला कशाला काय होतंय!

पाचव्या दिवशी पोरं शाळेत सोडून ती परस्पर मुल्लाभाईंकडं गेली. त्यांनी बंद पाकीट दिलं. तिनं ते दुकानात उघडलं नाही. व्हॅनमध्ये येऊन बसली, दार लावून घेतलं आणि कागद काढला.

सोमवार, दहा वाजून बेचाळीस मिनिटं. त्या वेळी ईश्वरी कॉलेजात असते. युवराज दुकानात असतो. मंगळवार, अकरा पाच. मंगळवार, अकरा एकोणीस. तिचं बोट कागदावरून खाली सरकत गेलं. एकतीसच्या एकतीस नोंदी दहा ते बाराच्या मधल्या. त्या वेळी घरात एकच माणूस असतं.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. पोरगी सुटली, नवरा सुटला. तिनं चक्क देवाला हात जोडले. आणि हात खाली आणताना तिला कळलं, ते आपण स्टिअरिंगवर ठेवतोय.

मग मन वकिली करायला लागलं. साक्षी ऐकून कंटाळा येतो, लागत असेल डुलकी. गाडी चालवताना माणूस कसा सावध असतो! गाडीत कुठं काय झालंय कधी? आणि व्हॅन थांबली तर त्या पोरींचं काय? एकदा घरी बसल्या की परत कोण पाठवणार? साडेबाराला शाळा सुटेल, पोरं फाटकाशी उभी राहतील, त्यांना आणणार कोण? या शेवटच्या प्रश्नाला खरंच उत्तर नव्हतं, म्हणून तिनं आधीच्या सगळ्या उत्तरांवर विश्वास ठेवला.

ती परत दुकानात शिरली. "मुल्लाभाई, आमची पोरगी माझा फोटो धरून चेष्टा करत होती हो. ती तपासणी बंद करून टाका."

मुल्लाभाईंनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग मान खाली घालून खूण काढली.

घरी आल्यावर तिनं युवराजची किल्ली डब्यातून काढून त्याच्या हातात ठेवली. "ही बघा, सापडली," म्हणाली. दुसऱ्याची किल्ली लपवायला तिला दोन मिनिटंही लागली नव्हती. स्वतःची मात्र हातातून सुटेना. माणूस असंच असतं, सारिकाला एकटीला कशाला बोल लावायचा!

लॅपटॉप खरंच लोण्यासारखा चालायला लागला. ईश्वरी खूश, युवराज खूश. पण आता साक्षीदार मध्येच थांबत नव्हता, त्यामुळं सारिकाला उलट स्पष्ट दिसायला लागलं. बोलता बोलता साक्षीदार चार वाक्यं पुढं उडी मारायचा. ती मागं जाऊन ऐकायची, तर मधली वाक्यं जागेवर असायची. ऐकायला तीच नव्हती.

तरी ती व्हॅन चालवत राहिली. रोज सकाळी किल्ली हातात घेऊन थांबायची, पण मग फिरवायचीच. तिनं एक युक्ती काढली होती. गाडीत बसल्याबरोबर पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे. ही विचारणार, पोरं उत्तर देणार. विचारता विचारता आपण कुठं गेलोच, तर पाढा तुटेल आणि आपल्याला कळेल. कळल्यावर काय करायचं, हा विचार तिनं केला नव्हता. पोरांना खेळ आवडला. पहिलीतला शंभू तर न येणारे पाढेही मोठमोठ्यानं म्हणायचा. तीन दिवस पाढे अखंड गेले. तिसऱ्या दिवशी ती घरी येऊन अंथरुणावर पडली आणि खुदकन हसली. नाहीच काही आपल्याला!

चौथ्या दिवशी आकाश निरभ्र होतं, रस्ता मोकळा होता. उतार संपून हिरण्यकेशीवरचा पूल समोर दिसायला लागला. अरुंद पूल, गुडघ्याएवढे कठडे.

"सतरा त्रिक?"

"एक्कावन्न!"

"सतरा चोक?"

"अडुसष्ट!"

"सतरा पाचे?"

"पंच्याऐंशी!"

"सतरा नवे एकशे त्रेपन्न! सतरा दाहे एकशे सत्तर!" पोरं टाळ्या पिटत होती. शंभू मागून ओरडला, "मावशी, तुम्ही विचारायचंच थांबलात! आम्हीच म्हटला पुढचा सगळा!"

पूल समोर नव्हता. पूल मागच्या आरशात होता.

तिनं गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, किल्ली काढली. हा पूल आपण ओलांडला. कठडे आले, गेले. सोळा पोरं पाढा म्हणत होती, गाडी आपली आपण सरळ जात होती आणि चालवायला गाडीत कुणी नव्हतं. समोरून एखादी ट्रॉली आली असती तर? तिला पुढचं बघवेना. तिला रडू आलं आणि ती रडली, पोरांसमोरच, पदर-बिदर न लावता.

"पंक्चर झाली का मावशी?" शंभूनं विचारलं.

तिनं नाक पुसलं आणि युवराजला फोन लावला. "अहो, पुलाच्या शाळेकडच्या बाजूला या. गाडीची किल्ली घेऊन जा."

"काय झालं? बंद पडली?"

"गाडी धड आहे. तो लॅपटॉप हँग होत नव्हता. मी होत होते." मग तिनं एका दमात सगळं सांगितलं, कागद, एकतीस नोंदी, मुल्लाभाईंना मारलेली थाप, तांदळाचा डबा, पाढे, पूल.

"पोरं?" युवराजनं विचारलं.

"सोळाही धड आहेत."

"आणि तू?"

तिनं पुढं शाळेकडं बघितलं. "शाळा एवढी पुढं दिसतीय. मी त्यांना चालत नेते. किल्ली डाव्या चाकावर ठेवते. आता परत या गाडीत माझ्यानं बसवत नाही."

"आलोच मी. दुकान बंद करून आलो. मग तडक डॉक्टरकडं जायचं, ऐकलंस का?"

तिनं पोरांना एकेक करून खाली उतरवलं, दोन रांगा केल्या, शंभूचा हात धरला. नववीतली राजनंदिनी सगळ्यांत मोठी. तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आम्ही कुणालाच सांगणार नाही. गाडी बिघडली म्हणू. बाबांना कळलं तर ते मला घरी बसवतील."

सारिकानं तिच्याकडं बघितलं. पोरगी मनापासून बोलत होती. आणि सारिकाचं मन अजूनही, या घडीलाही, हो म्हणायला बघत होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

"तुझ्या बाबांना मी स्वतः येऊन सांगेन," ती म्हणाली. "आजच. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगेन. चालवायला दुसरं माणूस मिळेपर्यंत रोज अशीच चालत नेईन, पण तुला घरी बसू देणार नाही. आता एक काम कर. माझ्या शेजारनं चाल, आणि माझ्याशी बोलत राहा. बोलता बोलता मी गप्प झाले आणि नुसतीच बघत राहिले, तर मला हाक मार."

राजनंदिनीनं मान हलवली. मग तिनं मागं पोरांकडं बघितलं, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याकडं बघितलं आणि विचारलं, "हळूच मारू ना? कुणाला कळणार नाही अशी?"

"नाही गं," सारिका म्हणाली. "मोठ्यानं मार. अख्ख्या रस्त्याला ऐकू गेली पाहिजे."